मागणीच्या रकान्यात कुणाचं घर आहे?

‘विकसनशील देशांतील न्याय्य आणि कमी-कार्बन ऊर्जा नियोजन’ या विषयासाठी संशोधन सहयोगी हवा, अशी जाहिरात विद्यापीठांकडून अधूनमधून येत असते. मुदत बहुधा दोन-तीन वर्षांची, म्हणजे प्रकल्पाचा निधी असेल तोवर. पात्रतेत पायथन ही संगणकाची भाषा, लिनिअर प्रोग्रॅमिंग हे कमीत कमी खर्च शोधायचं गणित, जीआयएस हे नकाशांचं तंत्र आणि ‘भागीदार देशातल्या सरकारी खात्यांबरोबर काम करण्याची तयारी’ असं लिहिलेलं असतं. यावरून रोजच्या कामाचा अंदाज येत नाही. बहुतेक वेळ तक्ते भरण्यात, ते तपासण्यात आणि प्रत्येक आकडा कुठून आला ते नोंदवण्यात जातो. आणि माझं ठाम मत आहे की नोकरीच्या नावातला ‘न्याय्य’ हा शब्द खरा ठरतो तो त्या तक्त्यांतच. अहवालाच्या शेवटी समतेवर एक प्रकरण जोडून तो साधत नाही. तोवर तार कुणाला, सौर दिवा कुणाला आणि काहीच नाही कुणाला, हे त्या तक्त्यांवर चालणाऱ्या संगणकी मॉडेलने ठरवून टाकलेलं असतं.

उदाहरणाला केनिया घेऊ या. तिथली बरीच कागदपत्रं उघड आहेत, आणि नियोजन चुकतं तेव्हा काय होतं हे तिथे स्पष्ट दिसतं.

आधी हत्यार. या क्षेत्रात ओसेमोसिस हे मुक्त, म्हणजे कुणालाही वापरता येणारं, ऊर्जा-मॉडेल सर्रास वापरतात. ते २०११ साली प्रसिद्ध झालं. कल्पना सरळ आहे: २०५० पर्यंत दरवर्षीची मागणी भागलीच पाहिजे आणि सगळा खर्च आजच्या मूल्यात मोजून कमीत कमी यायला पाहिजे. कोणतं वीजकेंद्र कधी आणि किती बांधायचं, हे गणित सांगतं. सुरुवात मात्र कागदावर करावी. इंधनांच्या उभ्या रेषा, तंत्रांच्या चौकटी, डावीकडे खाण किंवा ऊन, उजवीकडे घर, कारखाना, चूल. केनियासाठी या चौकटींत ओल्कारियाची भूऔष्णिक केंद्रं, ताना नदीवरची जलविद्युत केंद्रांची साखळी, डिझेलवरची केंद्रं, पवन, सौर आणि इथिओपियाहून येणारी वीज एवढं तरी हवंच. पारेषण आणि वितरणाच्या चौकटी वेगळ्या ठेवाव्यात. केनियात निर्माण झालेल्या विजेपैकी सुमारे २३ टक्के वाटेत जाते. ही गळती वीजकेंद्राच्या कार्यक्षमतेत मिसळून टाकली, तर वितरण सुधारण्यावर खर्च करण्याचा पर्यायच मॉडेलला दिसत नाही. मग ते नवी केंद्रं बांधत सुटतं.

नवखा माणूस पहिल्यांदा एककांत अडकतो. क्षमता गिगावॉटमध्ये आणि ऊर्जा पेटाज्यूलमध्ये असेल तर दोन्हींना जोडणारा गुणक ३१.५३६, कारण १ गिगावॉट क्षमता वर्षभर अखंड चालली तर इतके पेटाज्यूल होतात. हा रकाना मूळच्या १ वरच राहिला, तर मागणी भागवायला मॉडेल तीसपट क्षमता उभारतं आणि खर्चाचा आलेख आकाशाला भिडतो. ही चूक निदान दिसते तरी. न दिसणारी चूक वेळेच्या तुकड्यांत असते. वर्षाचे तुकडे पाडल्यावर त्यांची बेरीज बरोबर १ यायला हवी, आणि प्रत्येक तुकड्यातल्या मागणीच्या वाट्याचीही. वाट्यांची बेरीज ०.९७ आली तर मॉडेल कुरकुर करत नाही, तेवढी मागणी गुपचूप कमी धरतं. तुकडे फार मोठे केले, म्हणजे अख्ख्या दिवसाची सरासरी घेतली, तर संध्याकाळची कमाल मागणी पुसली जाते आणि सौर ऊर्जा आहे त्याहून स्वस्त दिसते. प्रत्येक ऋतूत दिवस, संध्याकाळ आणि रात्र एवढे तीन तुकडे तरी हवेत. जमलं तर चोवीस तासांचे चोवीस.

जलविद्युतीला सरासरी वर्षाचा आकडा देऊ नये. ताना नदीवरच्या मसिंगा धरणाचं केंद्र २००९ च्या दुष्काळात बंद ठेवावं लागलं होतं. निदान एकदा मॉडेल दुष्काळी वर्षाच्या आकड्यांवर चालवून पाहावं.

‘उत्तर निघत नाही’ हा संदेश आला की लोक घाबरून मागणी कमी करतात. तसं करू नये. अवाच्या सवा महाग असं एक खोटं केंद्र मॉडेलमध्ये ठेवावं आणि ते कोणत्या वर्षी, कोणत्या तुकड्यात चालतंय ते बघावं. दोष तिथेच सापडतो. बहुतेक वेळा जुन्या केंद्रांची शिल्लक क्षमता भरायची राहिलेली असते, किंवा नव्या क्षमतेवरची वार्षिक मर्यादा फार आवळलेली असते.

आता मागणी. सगळ्यात जास्त जीव इथे घालावा.

केनियाच्या २०११ च्या किमान-खर्च वीज आराखड्यात २०३० ची कमाल मागणी सुमारे १५,००० मेगावॉट धरली होती. २०१३ मध्ये सरकारने ४० महिन्यांत ५,००० मेगावॉट वाढवण्याचा कार्यक्रम जाहीर केला. आणि २०२४ मध्ये प्रत्यक्ष कमाल मागणी होती २,००० मेगावॉटच्या थोडी वर. असे अंदाज येतात कसे? आर्थिक वाढीचा सरकारी आशावादी दर घ्यायचा, त्याला वीजमागणीच्या लवचिकतेने (उत्पन्न एक टक्का वाढलं की मागणी किती टक्के वाढते, त्या आकड्याने) गुणायचं आणि वर मोठमोठे प्रकल्प ठरल्या दिवशी सुरू होतील असं धरायचं. तिन्ही गृहीतकं एकाच दिशेला चुकतात. त्या अंदाजाच्या भरवशावर ‘वीज घ्या नाहीतर पैसे भरा’ अशा अटींचे दीर्घ मुदतीचे करार होतात, आणि न लागलेल्या विजेचे पैसे दरात येतात. २०२१ मध्ये केनियात या करारांच्या तपासणीसाठी कृतीगट नेमावा लागला.

महाराष्ट्राला हे नवं नाही. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पातल्या विजेचा दर आणि करारातल्या अटी इतक्या जड झाल्या की २००१ मध्ये वीज मंडळाने ती घेणं थांबवलं. त्या कराराचं आकडेवार विश्लेषण पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेतल्या गिरीश संत आणि शंतनू दीक्षित यांनी १९९० च्या दशकातच लोकांपुढे ठेवलं होतं. त्याच्याही आधी बंगळुरूला ऊर्जातज्ज्ञ अमूल्य रेड्डींनी कर्नाटकासाठी दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. किती युनिट लागतील असं न विचारता, दिवा, पंप, चूल, कारखाना यांसाठी कोणती सेवा लागेल आणि ती कमीत कमी ऊर्जेत कशी देता येईल, असं त्यांनी विचारलं. सगळ्या घरांना वीज धरूनही त्यांच्या आराखड्यातली २००० सालची गरज सरकारी अंदाजाच्या निम्म्याहून कमी निघाली. या नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या प्रत्येकाने रेड्डींचे ते निबंध वाचलेले असावेत असं मला वाटतं.

एकूण मागणी अशी फुगते, तेव्हाच गरिबाची मागणी आक्रसून जाते. जागतिक बँकेच्या बहुस्तरीय चौकटीत वीजसेवेच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या आहेत. पहिली पायरी म्हणजे दिवसाला किमान १२ वॉट-तास: एखादा दिवा आणि मोबाइलचं चार्जिंग. दुसरी २०० वॉट-तास. तिसरी १ युनिट (म्हणजे १,००० वॉट-तास), चौथी ३.४ युनिट, पाचवी ८.२ युनिट. आता १ लाख घरं घ्या. पहिल्या पायरीवर त्यांची वर्षाची मागणी साडेचार लाख युनिट होते. केनियाचं २०२३-२४ मधलं वीज उत्पादन सुमारे १,३७० कोटी युनिट होतं. म्हणजे लाखभर घरं ०.००३ टक्क्यात मावली! पेटाज्यूलमध्ये लिहायचं तर ०.००१६. तक्ता दोन दशांश स्थळांपर्यंत असेल तर ही घरं शून्य होतात. हीच घरं तिसऱ्या पायरीवर धरली तर मागणी ३ कोटी ६५ लाख युनिट होते आणि मॉडेलला ती दिसायला लागतात. म्हणून घरगुती मागणी एका ओळीत कधीही लिहू नये. शहरी-ग्रामीण, जोडलेली-न जोडलेली आणि उत्पन्नाचे निदान तीन गट अशा ओळी पाडाव्यात. काम वाढतं, मॉडेल चालायला वेळ लागतो. तरीही पाडाव्यात.

भौगोलिक नियोजनात पायरीचा परिणाम आणखी थेट असतो. ऑनसेट हे साधन प्रत्येक वस्तीसाठी तीन पर्यायांचा खर्च मोजतं: ग्रीडची तार, मिनीग्रीड म्हणजे वस्तीपुरतं छोटं वीजजाळं, किंवा घरापुरता सौर संच. त्याला लोकसंख्येचा नकाशा, मध्यम दाबाच्या वाहिनीपासूनचं अंतर, सूर्यप्रकाश, वारा आणि डिझेल वाहून नेण्यासाठी शहरापर्यंतचा प्रवासवेळ लागतो. लक्ष्य पहिल्या पायरीचं ठेवलं तर दूरच्या जवळजवळ सगळ्या वस्त्यांना घरापुरता संचच स्वस्त निघतो. तिसरी-चौथी पायरी धरली की त्याच वस्त्यांना मिनीग्रीड किंवा तार निघते. नकाशाचा रंग असा एका रकान्यावर बदलतो, आणि तो रकाना बहुधा संशोधक एकटाच भरतो. शहराला पाचवी पायरी आणि दूरच्या गावाला पहिली, असं ‘वास्तववादी’ म्हणून धरणं हा निर्णय आहे. तो खात्यातल्या अधिकाऱ्यांसमोर, शक्य असेल तर त्या भागातल्या लोकांसमोर मांडून घ्यावा आणि कुणी काय म्हटलं ते लिहून ठेवावं.

या साधनात दोन ठिकाणी हमखास पाय घसरतो. रात्रीच्या उजेडाच्या उपग्रहचित्रांवरून वीज पोचली की नाही ठरवतात, पण मंद उजेडाची वस्ती अंधारात गणली जाते आणि महामार्गाजवळची वस्ती उगीचच उजळ दिसते. दुसरं म्हणजे, लोकसंख्येचा नकाशा माणसं एका जागी राहतात असं धरतो. उत्तर केनियातली तुर्काना, सांबुरू, रेंदिले ही माणसं गुराढोरांमागे हिंडतात. नकाशा त्यांना एकतर एका ठिपक्यात कोंबतो, नाहीतर विखरून टाकतो. अशा भागासाठी शाळा, दवाखाना, पाणवठ्यावरचा पंप आणि बाजार यांची यादी वेगळी करून तिथली मागणी हाताने घालावी.

जोडणी मिळाली म्हणून प्रश्न सुटत नाही. केनियाने ट्रान्सफॉर्मरपासून ६०० मीटरच्या आतल्या घरांसाठी २०१५ मध्ये जोडणीचं शुल्क ३५,००० वरून १५,००० शिलिंगांवर आणलं, आणि लाखो घरं जोडली गेली. त्यातल्या बहुसंख्य घरांचा वापर महिन्याला ३० युनिटांच्या आत राहिला. याचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही तपासावे लागतात: गरज कमी आहे, की दर परवडत नाही आणि वीज सारखी जाते? मीटरवरच्या वापराला मागणी म्हणणं म्हणजे दबलेली भूक मोजायची सोडून ताटातलं मोजणं. भारनियमनाच्या काळात महाराष्ट्रातल्या खेड्यांनी हेच अनुभवलं. जी वीज दिलीच नाही, ती वापराच्या नोंदीत कुठून येणार?

भारनियमनाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक रकाना दाखवतो: न पुरवलेल्या विजेची किंमत. ती बरेचदा राष्ट्रीय उत्पन्न भागिले वापरलेली वीज अशी काढतात. प्रदेशवार काढली की गरीब प्रदेशाच्या अंधाराची किंमत कमी येते, आणि टंचाईच्या तासांत मॉडेल तिथलीच वीज आधी कापतं. महाराष्ट्रात गळती आणि वसुलीनुसार फीडरचे (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिन्यांचे) गट पाडून भारनियमनाचे तास ठरवत असत. त्यात वेळेवर बिल भरणाराही शेजाऱ्याच्या थकबाकीची शिक्षा भोगत असे. मॉडेलमध्ये ही किंमत सगळ्या घरांसाठी सारखी ठेवावी, आणि दवाखाना, पाणीपुरवठा यांची जास्त.

व्याजदराकडे वळू. दोन वेगळे दर असतात आणि लोक ते एकच समजतात. एक समाजाचा: भविष्यातला खर्च आज किती मोजायचा. ३० वर्षांनंतरचा १०० रुपयांचा खर्च १० टक्के दराने आज पावणेसहा रुपयांच्या आसपास येतो, ३ टक्क्यांनी ४१ रुपये. दुसरा दर भांडवलाचा, म्हणजे बँक आणि गुंतवणूकदार मागतात तो. किलोवॉटला ९०० डॉलर खर्चाचा सौर प्रकल्प घ्या: आयुष्य २५ वर्षं, वर्षाला १,७५२ युनिट. भांडवल ५ टक्क्यांनी मिळालं तर युनिटमागे भांडवली खर्च साधारण ३.६ सेंट, १२ टक्क्यांनी मिळालं तर ६.५ सेंट. ऊन तेच, सौर पॅनेल तीच. विकसनशील देशांत सौर प्रकल्पांसाठी भांडवल श्रीमंत देशांच्या दुप्पट-तिप्पट महाग पडतं. इंधनावर चालणाऱ्या केंद्राला याची झळ कमी बसते, कारण त्याचा मोठा खर्च पुढे, इंधनात असतो. म्हणून सगळ्या तंत्रांना एकच ५ टक्के दर लावून काढलेला ‘स्वस्त हरित आराखडा’ अर्थखात्यात टिकत नाही. तंत्रवार दर लावावा, आणि स्वस्त कर्ज मिळालं तर उत्तर किती बदलतं ते वेगळं दाखवावं. हवामान निधीच्या वाटाघाटीत त्या देशाला हाच आकडा उपयोगी पडतो.

जागेचा न्याय मॉडेलमध्ये आणणं सगळ्यात अवघड. तुर्काना सरोवराजवळचा पवनप्रकल्प ३१० मेगावॉटचा, ३६५ पवनचक्क्यांचा. चक्क्या २०१७ मध्ये उभ्या झाल्या, पण लोइयांगलानी ते सुस्वा ही ४०० किलोव्होल्टची चारशेहून अधिक किलोमीटरची वाहिनी सप्टेंबर २०१८ मध्ये जोडली गेली. मधल्या काळात न घेतलेल्या विजेची भरपाई देणं भाग पडलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये मेरूच्या न्यायालयाने दीड लाख एकर जमिनीचे मालकी दाखले बेकायदा ठरवले. ती जमीन पशुपालक समूहांची सामायिक चराऊ जमीन होती. किनांगोपचा ६० मेगावॉटचा पवनप्रकल्प २०१६ मध्ये स्थानिकांच्या विरोधामुळे रद्द झाला. लामूच्या १,०५० मेगावॉट कोळसा केंद्राचा परवाना पर्यावरण लवादाने २०१९ मध्ये रद्द केला, आणि लोकांचा पुरेसा सहभाग घेतला नाही हे त्यामागचं एक मुख्य कारण होतं. वारा असो की कोळसा, लोकांना न विचारता केलेलं नियोजन महागच पडलं.

मॉडेलमध्ये हे कसं घालायचं? दूरच्या प्रदेशातल्या प्रकल्पाची वाहिनी स्वतंत्र तंत्र म्हणून, तिच्या स्वतःच्या खर्चासह आणि उशिरासह ठेवा. सरासरी पारेषण खर्चात तिला विरघळवू नका. सामायिक जमिनीवरच्या क्षमतेला वार्षिक कमाल मर्यादा घाला. जमिनीचा मोबदला आणि स्थानिक वीजपुरवठ्याचा खर्च प्रकल्पाच्याच खात्यात धरा. ४०० किलोव्होल्टच्या तारेवरून खालच्या गावाला वीज देता येत नाही. त्यासाठी उपकेंद्र लागतं, आणि ते मूळ अंदाजपत्रकात नसेल तर नंतर होत नाही.

कार्बनचा भाग केनियाच्या विजेपुरता लवकर आटोपतो. तिथली सुमारे ९० टक्के वीज आधीच भूऔष्णिक, जल, पवन आणि सौर यांतून येते, त्यामुळे वीजक्षेत्रावर उत्सर्जनाची मर्यादा घातली तरी उत्तर फारसं हलत नाही. जिथे हलतं ते क्षेत्र म्हणजे चूल, आणि अनेक अभ्यासांत ते मॉडेलबाहेरच राहतं. तीन दगडांच्या चुलीत लाकडातल्या ऊर्जेचा दहा-पंधरा टक्केच भाग भांड्यात पोचतो. राजमा-मक्याचं गिथेरी शिजायला तासन्‌तास लागतात. विजेच्या प्रेशर कुकरमध्ये ते काम अर्ध्या-पाऊण युनिटात होतं. पण कुकर १,००० वॉटचा, आणि तिसऱ्या पायरीची किमान क्षमता २०० वॉट. म्हणजे नियोजनात तिसरी पायरी धरली की त्या घरातल्या बाईचा धूर आपण पुढची वीस वर्षं कायम केला. स्वयंपाकाची मागणी मॉडेलमध्ये वेगळी घालावी, आणि ती संध्याकाळच्या तुकड्यात पडते हेही धरावं.

हे सगळं झाल्यावर मॉडेल खात्याच्या हाती राहायला हवं. सल्लागार येतात, फाइल घेऊन जातात आणि पुढच्या आराखड्याला पुन्हा शून्यापासून सुरुवात होते, हा या क्षेत्रातला जुना रोग आहे. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी स्रोत, वर्ष आणि बदलाची तारीख, फाइलींची नावं सगळ्यांना कळतील अशी, मुक्त परवाना, आणि खात्यातल्या एकाच नव्हे तर तिघा-चौघांना प्रशिक्षण, कारण बदल्या होतातच.

तयारी घरबसल्या होते. ओसेमोसिस आणि ऑनसेटचे मोफत अभ्यासक्रम ओपनलर्न क्रिएट या संकेतस्थळावर आहेत. पण अर्जासोबत जोडायला स्वतः केलेलं एक छोटं काम हवं, आणि त्यासाठी केनिया लागत नाही. आपल्या तालुक्यातलं एखादं ३३/११ केव्ही उपकेंद्र आणि त्यावरचा कृषी फीडर घ्या. ५ एचपीचे ३०० पंप म्हणजे सुमारे १,१०० किलोवॉट. त्यातले ६० टक्के एका वेळी, रोज ८ तास, वर्षाला १५० दिवस चालले तर ८ लाख युनिट लागतात. १ मेगावॉटचा सौर प्रकल्प आपल्याकडे वर्षाला साधारण १६ लाख युनिट देतो, म्हणजे युनिटांच्या हिशेबात अर्धा मेगावॉट पुरतो. आता हेच महिन्यावारी मांडा: रब्बीत किती कमी पडते, पावसाळ्यात किती ग्रीडला जाते. मग दिवसाच्या विजेमुळे रात्री पिकाला पाणी द्यायला, दारे धरायला जाणं टळलं, त्याची किंमत कशी मोजाल ते लिहा.

त्यानंतर त्याच तक्त्याला तीन ओळी जोडा. गावातली विहीर नसलेली घरं किती आणि या विजेतून त्यांना काय मिळतं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आहे. ते कुणाच्या खात्यात जातं. आणि प्रकल्प गायरानावर उभा राहणार असेल, तर तिथे आज शेळ्या कुणाच्या चरतात.